चौथ्या अल्बमची झील

माझ्या चौथ्या अल्बमवर पहिली तक्रार आली ती फिनलंडहून. तक्रार करणाऱ्यानं माझे आधीचे तिन्ही अल्बम विकत घेतले होते, म्हणजे माझ्या लेखी तो जवळचा नातेवाईकच. त्यानं लिहिलं होतं, गिटार चांगली आहे, पण या वेळी शब्द ऐकू येतात. त्या माणसाला मराठीचं एक अक्षर येत नाही, तरी शब्द ऐकू येतात याचा त्याला त्रास झाला होता. मी आधी चिडलो. मोबाइल टेबलावर आपटला, खिडकीपाशी चौकशीला उभ्या असलेल्या बाईंना उगाच तोडून बोललो. मग थोड्या वेळानं हसू आलं. गडी चुकीचं काही म्हणत नव्हता.

मी मंठ्याच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रक आहे. गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि माइकवरून सांगायचं, की जालन्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे. आवाज खणखणीत आहे, असं आमच्या साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं. दिवसभर लोकांना समजेल असं बोलायचं आणि सुटी झाली की धान्याच्या मोंढ्यातल्या एका खोलीत जाऊन कुणालाही समजणार नाही असं ओरडायचं, अशी माझी बरीच वर्षं गेली. यानं माझा तोल सांभाळला जातो, असं मी स्वतःला सांगायचो.

ब्लॅक मेटल म्हणजे काय, हे मला आजवर पुष्कळ जणांना समजावावं लागलंय आणि एकालाही ते पटलेलं नाही. गिटारच्या तारा इतक्या वेगानं छेडायच्या की सुटे सूर उरत नाहीत, सलग एक खरखरता आवाज तयार होतो. ड्रम त्याहून वेगात. त्यावर गळा खरवडून काढलेली किंकाळी. किंकाळीत शब्द असतात, पण ते कळावेत अशी कुणाची अपेक्षा नसते. तोंडाला पांढरं-काळं फासून फोटो काढायचीही या लोकांची रीत आहे. मी ते एकदाच केलं. फोटो पाहून आतेबहीण म्हणाली, "गिरणीत कामाला लागला का रे?" तेव्हापासून माझ्या अल्बमवर माझा फोटो नसतो. गिटार माझी, आवाज माझा, ड्रम कॉम्प्युटरचे. बॅन्ड म्हणजे मी एकटाच.

खोली एका जुन्या आडत दुकानाच्या मागची होती. आडत्यानं ती वापरायला दिली, पण माल आला की मालाचा मान पहिला. पहिला अल्बम मी दिवाळीनंतर केला. खोलीत छताला टेकेपर्यंत सोयाबीनची पोती आणि मधल्या बोळकांडीत मी, गिटार घेऊन. पोत्यांनी सगळा आवाज गिळला. जे उरलं ते कोरडं, चपटं, कोंदटलेलं होतं. बाहेरच्या जाणकारांनी लिहिलं, हा गुदमरलेला ध्वनी मुद्दाम साधलेला आहे. दुसरा अल्बम ऐन वैशाखातला. तोवर माल विकला गेला होता, खोली रिकामी, वर तापलेले पत्रे. प्रत्येक आवाज चारदा फिरून परत यायचा. तेव्हा जाणकारांनी लिहिलं, यात हिमप्रदेशातल्या दऱ्यांची थंडी आहे. मी बनियनवर, डोक्याला ओला टॉवेल बांधून ती थंडी रेकॉर्ड केली होती. तिसऱ्या अल्बमच्या वेळी भाव पडलेला, आडत्यानं अर्धा माल राखून ठेवलेला. त्या आवाजाला त्यांनी 'परिपक्व' म्हटलं. माझा ध्वनी कसा बदलत गेला याचं खरं उत्तर बऱ्याच अंशी सोयाबीनच्या बाजारात आहे, पण ते मी कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नाही.

चौथ्या अल्बमचं मात्र तसं नाही. तो बदलला तो माझ्या गळ्यामुळे आणि आप्पांमुळे.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची गायन पार्टी होती. जयंतीच्या महिन्यात आणि नंतरही गावोगावच्या मंडपांत ते गात. पेटी त्यांची, एक ढोलकीवाला आणि मागे झील धरणारे दोघे. म्हणजे आप्पांनी ओळ म्हटली की ती मागचे उचलायचे आणि लांबवर नेऊन सोडायचे. आमच्या लोकांत ही गाणी नुसती करमणूक नव्हती. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना शाळेत का जायचं आणि मान खाली का घालायची नाही, हे या गाण्यांतूनच कळलं. त्यामुळे आप्पांचा सगळा जीव शब्दांवर. दिवसभर रानात राबून आलेल्या बाया मंडपात सगळ्यांत मागं बसत. त्यांच्यातल्या एखादीनं नुसती मान तिरकी केली तरी आप्पा ओळ थांबवून पुन्हा म्हणत.

अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो आणि कुणालाच कळू नये असं गाऊ लागलो. पहिला अल्बम झाला तेव्हा आप्पांनी तो माझ्याकडून मागून घेतला. मी त्यांना इअरफोन लावून दिला. त्यांनी पूर्ण ऐकला, इअरफोनची वायर नीट गुंडाळून परत दिली आणि म्हणाले, "पेनड्राइव्हमधी भरून दे एक." पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर त्यांनी तो पेनड्राइव्ह मंडपवाल्याकडे दिला. पहिलं गाणं सुरू झालं आणि मंडपवाल्यानं धावत जाऊन स्पीकरची वायर हलवून पाहिली. एक म्हातारे उठून उभे राहिले. आप्पा जागेवरूनच म्हणाले, "वायर बराबर हाय. असंच हाय ते. माह्या पोराचं हाय." लोकांनी बिचाऱ्यांनी ते तीन गाणी सहन केलं. मी पायरीवर बसून चपलांच्या ढिगाकडे पाहत होतो. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती.

भीती कशाची, हे आता सांगतो.

माझी आई मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना गेली. तिला दमा होता. एप्रिलमधली दुपार. आप्पा शहागडला, हायवेलगतच्या मंडपात गात होते. मी तेव्हाच्या औरंगाबादला, भाड्याच्या खोलीत. घरात आई एकटी. तिला अटॅक आला तेव्हा शेजारच्या काकू धावून आल्या. त्यांनी आप्पांना फोन लावला, मला लावला, पुन्हा आप्पांना, पुन्हा मला. शेवटी रिक्षात घालून त्यांनी आईला दवाखान्याकडे नेलं. ती रस्त्यातच गेली.

माती झाल्यावर लोक बसले होते, तेव्हा आप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणाले, "फोन पेटीच्या खोक्यात व्हता. वाजलेला मला आयकू आल्ता. मी म्हन्लं, गाणं संपू दे." त्यानंतर त्यांनी पेटी उघडली नाही. पार्टी मोडली. झील धरणाऱ्यांपैकी एक जण पुढे वारला, दुसरा पुण्याला मुलाकडे गेला.

मला कुणीतरी विचारलं, तुला लावला नव्हता का? मी म्हणालो, माझी बॅटरी गेली होती.

बॅटरी गेली नव्हती. मोबाइल माझ्या शेजारी गादीवर होता. कॉम्प्युटरला लावलेल्या हेडफोनवर मी एक लांबलचक गाणं ऐकत होतो, आयुष्यातलं पहिलंच ब्लॅक मेटल, आणि मला वाटत होतं की मला काहीतरी मोठं सापडलंय. गादीवर उजेड पडला तेव्हा मी नाव पाहिलं. काकू. काकूंचा फोन म्हणजे कुणी गावाकडून येतंय, तुझ्यासाठी चटणी पाठवू का, असलं काहीतरी. गाणं संपलं की लावतो, असं म्हणून मी मोबाइल पालथा घातला. गाणं संपलं तेव्हा सात मिस्ड कॉल होते. फोन उचलून मी तिथून काय केलं असतं? काहीही नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी खोटं बोललो, आणि त्याच आठवड्यात आप्पांचा राग करायला लागलो. ते सोपं होतं. त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. मला फक्त बोट दाखवायचं होतं.

पहिल्या अल्बममधलं तिसरं गाणं त्यावर आहे. त्यात एक ओळ आहे: ती श्वास मागत होती, तू टाळ्या घेत होतास. आप्पांना मी जन्मात कधी 'तू' म्हटलेलं नाही. किंकाळीत म्हणता येत होतं. दुसऱ्या अल्बममध्येही ती ओळ आली, तिसऱ्यातही, जरा फिरवून. माझ्या सगळ्या ध्वनीच्या तळाशी ती एक ओळ होती आणि मी निर्धास्त होतो, कारण ती कुणाला ऐकूच येत नव्हती. विहारात ती सगळ्या समाजासमोर वाजली आणि मंडपवाल्याला वाटलं वायर ढिली आहे.

मग गळा गेला. आधी सकाळी आवाज बसायचा आणि दुपारपर्यंत सुटायचा, नंतर सुटेनासा झाला. एके दिवशी माइकवर परतूरची गाडी सांगताना नुसती हवा निघाली. जालन्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि पडद्यावर मला माझे स्वरतंतू दाखवले. दोन्हीकडे बारीक गाठी. त्यांनी विचारलं, "भाषणं देता का? बाजारात भाजी विकता?" मी कागदावर लिहिलं, गातो. त्यांनी एकदा गाठींकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. काही आठवडे बिलकुल बोलायचं नाही, आणि पुढे ओरडणं कायमचं बंद, असं त्यांनी सांगितलं. "ओरडायचं की बोलायचं, दोन्हीपैकी एकच मिळेल," म्हणाले.

साहेबांनी मला नोंदींचं काम दिलं आणि माइक दुसऱ्याकडे गेला. घरी आम्ही दोघंच, आप्पा आणि मी. एरवी आम्ही फार बोलत नसू, पण मी गप्प झाल्यावर आप्पा बोलायला लागले. भाजी निवडताना, अंगणात पाणी मारताना, कुठल्या गावाला कुठलं गाणं लागलं, कुठं माइक बंद पडला आणि नुसत्या गळ्यावर तासभर काढला, ते सगळं. मला उत्तर देता येत नव्हतं, म्हणून ऐकावं लागलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

त्या आठवड्यांत मी गिटार वाजवायचो ती हळू. ओरडायचं नाही म्हटल्यावर वेगाचं कारणच उरलं नव्हतं. एक सूर छेडायचा आणि तो पुरता विझेपर्यंत थांबायचं. कॉम्प्युटरचे ड्रम लावून पाहिले, ते उपऱ्यासारखे वाटले, काढून टाकले. जुनी खरखर ठेवली, पण खाली, जमिनीलगत, सतत. आवाज परत आला तेव्हा त्यावर मी माझ्या बोलण्याच्या आवाजात, माइकवर गाडी सांगतो त्याच आवाजात, ओळी म्हणून पाहिल्या. काहीतरी होत होतं. पण प्रत्येक ओळ म्हणून झाली की एकटी पडत होती. तिला मागून कुणीतरी उचलायला हवं होतं. झील हवी होती, आणि झील कशी असते ते जाणणारा माणूस चुलीपुढच्या पाटावर बसून लसूण सोलत होता.

मी विचारलं, "आप्पा, माह्या गाण्याला झील धरता का?"

त्यांनी लसूण खाली ठेवला नाही. म्हणाले, "कागद दाव. समजल्याबिगर मी झील धरत न्हाई."

झाली पंचाईत. अल्बमचं मुख्य गाणं आईवरचंच होतं, आणि त्यात तीच ओळ होती. दुसरं काही लिहून बघावं म्हणून मी आठवडाभर धडपडलो. काळोख, राख, कावळे, सगळं जुनं सामान बाहेर काढलं. किंकाळीत ते खपून जायचं, साध्या आवाजात म्हटलं की मलाच हसू यायचं. ती ओळ काढली तर गाणं उरत नव्हतं. ठेवली तर ज्या माणसानं अकरा वर्षांत सूर लावला नाही, त्याच्या हातात मी तो कागद देणार होतो. शेवटी एका सकाळी ड्यूटीला जायच्या आधी तो त्यांच्यापुढे ठेवला आणि पळ काढावा म्हणून चप्पल घालायला लागलो.

"बस," आप्पा म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला. गाणं वाचताना ते मांडीवर बोटानं ताल धरतात. त्या ओळीपाशी बोट थांबेल म्हणून मी बघत होतो. थांबलं नाही. शेवटपर्यंत वाचून त्यांनी कागदाची घडी घातली.

"हे अर्धं हाय," ते म्हणाले.

"अर्धं कसं? पाच कडवी हायेत."

"पाच हायेत, पन अर्धं हाय."

मी म्हणालो, "आप्पा, तुम्हाला राग न्हाई आला?"

"आल्ता. पहिल्या बारीला आल्ता."

"पहिल्या बारीला म्हंजे?"

ते उठून आत गेले आणि त्यांची जुनी वही घेऊन आले. पार्टीची गाणी असायची तीच वही. शेवटच्या पानांवर त्यांच्या अक्षरात माझ्या पहिल्या अल्बमचं तिसरं गाणं होतं. सगळंच्या सगळं. दोन जागी शब्द लागला नव्हता, तिथं टिंबं दिली होती. ती ओळ बरोबर होती.

मला एवढी साधी गोष्ट कधी सुचली नव्हती. आप्पांच्या पिढीतल्या पार्ट्यांनी नवी गाणी मिळवली ती कॅसेट ऐकून. दहा हातांतून फिरलेल्या, घासलेल्या, पाण्यात बुडाल्यासारखा आवाज येणाऱ्या कॅसेट. त्यावरून एकेक शब्द उतरवून घ्यायचा, हे त्यांचं निम्मं काम होतं. अख्ख्या जगात माझ्या किंकाळीतले शब्द ज्याला कळू शकले असते असा एकच माणूस होता, आणि मी त्याच्याच कानात इअरफोन घालून दिला होता.

"दहा-बारा डाव आयकलं," आप्पा म्हणाले. "कॅसेटीपरीस सोपं गेलं."

"आन हे समजल्यावर तुम्ही पेनड्राइव्ह इहारात दिला?"

"समजूनच दिला. लोकांला काय, मी सोताच सांगितलं व्हतं."

"मंग मला काही बोलला का न्हाई?"

"तू मला बोलून थोडाच राह्यला व्हता? तू वरडत व्हता. वरडणाऱ्याला काय जवाब द्यावा?" त्यांनी वही मिटली. मग माझ्याकडे न पाहता, अगदी सहज, म्हणाले, "काकू मला तव्हाच म्हन्ली व्हती. तुह्या फोनची रिंग जात व्हती."

अकरा वर्षं. या माणसानं अकरा वर्षं माझ्या ताटात भाकरी वाढली, माझ्या तापात उशाशी बसला, माझे अल्बम लोकांना वाटले, आणि त्याला हे माहीत होतं. मी रडलो नाही. मला त्यांचाच राग आला, खूप. असं गप्प राहून माणसाला लहान करून ठेवतात का, असं काहीबाही मनात आलं. मी तसाच ड्यूटीवर गेलो आणि त्या दिवशी दोन गाड्यांच्या नोंदी चुकवल्या. साहेबांनी बोलवून विचारलं, तब्येत बरी आहे ना. मी हो म्हणालो.

संध्याकाळी घरी आलो तर आप्पा नेहमीसारखेच. फक्त जेवताना एवढंच म्हणाले, "दुसरं अर्धं घेऊन ये. अर्ध्या गाण्याला झील धरत न्हाईत."

दुसरं अर्धं लिहायला मला तीन आठवडे लागले. आधी छापील भाषेत लिहिलं. अपराधाचं ओझं, मौनाचे काटे. वाचून आप्पा म्हणाले, "आपुन घरी असं बोलतो का?" पुन्हा लिहिलं. मग एके दुपारी, गाड्या कमी असतात त्या वेळेला, एका रिकाम्या नोंदपत्रकाच्या मागं एक ओळ आली आणि मी पेन ठेवून दिलं. वाजत व्हता फोन, म्या म्हन्लं, गाणं संपू दे. ती खरी होती. आप्पांना दाखवायची हिंमत झाली नाही. म्हटलं, थेट खोलीतच म्हणू.

नवं सोयाबीन यायला अवकाश होता, खोली मोकळी होती. मला तो घुमणारा आवाज या वेळी नको होता, म्हणून भिंतींना आडत्याकडच्या रिकाम्या पोत्यांची बारदानं टांगली. रविवारी दुपारी आप्पा धुतलेलं धोतर नेसून आले. दारात चपला काढल्या. बारदानाची घडी करून तिच्यावर मांडी घातली. मी माइक त्यांच्या तोंडाशी नेला तर म्हणाले, "लांब ठेव. मंडपात इतका जवळ नसतो." चहा नको म्हणाले. गळा साफ केला आणि बजावलं, "हे बघ, तू फुडची ओळ घेस्तोवर मी झील सोडणार न्हाई. तवा येळ लावू नको. म्हातारा मानूस हाय, दम पुरत न्हाई."

मी हो म्हणालो आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

पहिली कडवी बरी गेली. त्यांचा आवाज खाली उतरला होता, वरच्या जागी थरथरत होता, पण शब्द स्वच्छ. ती श्वास मागत होती, तू टाळ्या घेत होतास, ही ओळ मी बोलण्याच्या आवाजात, त्यांच्यापासून चार हातांवर बसून म्हटली. त्यांनी ती जशीच्या तशी उचलली आणि लांब नेऊन सोडली. चेहऱ्यावर काही नाही. काम करताना असतो तसा चेहरा.

मग दुसरं अर्धं. मी खाली पाहत म्हटलं, वाजत व्हता फोन, म्या म्हन्लं, गाणं संपू दे.

क्षणभर मागून काही आलं नाही. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसेल. मग त्यांचा आवाज आला. वाजत व्हता फोन, म्या म्हन्लं, गाणं संपू दे.

ती माझी ओळ होती. माझी गादी, माझा मोबाइल, माझं खोटं. आणि आता ती त्यांच्या तोंडून येत होती, शहागडच्या मंडपासकट, पेटीच्या खोक्यासकट. त्यांनी ती दुसऱ्यांदा म्हटली. मला पुढची ओळ घ्यायची होती. समोर कागद होता, ओळ दिसत होती, गळ्यातून निघत नव्हती. त्यांनी तिसऱ्यांदा म्हटली. मी गिटारवर तो एकच सूर छेडत राहिलो. चौथ्यांदा. पाचव्यांदा. ते माझ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तरी त्यातला एकही शब्द अस्पष्ट होत नव्हता. मी ओळ घेतली नव्हती, म्हणून ते सोडत नव्हते.

कितव्या वेळी ते आठवत नाही, 'म्या म्हन्लं' पाशी त्यांचा दम तुटला. तोंड उघडं राहिलं, आवाज आला नाही. तेव्हा मी गिटार खाली ठेवली आणि त्यांची ओळ मागून मी उचलून धरली.